बी कॉर्पची ‘क्लायमेट ॲक्शन’ अट: आंबा पल्पच्या लहान युनिटनं नेमकं काय दाखवायचं?

पल्पवाला_लांजा

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात आंबा पल्प आणि कोकम आगळाचं युनिट आहे. कायम कामगार २८, एप्रिल ते जून हंगामी धरून सव्वाशेपर्यंत. नेदरलँड्सच्या खरेदीदारानं पुढच्या करारासाठी बी कॉर्प प्रमाणपत्राची (समाज आणि पर्यावरणाच्या अटी पाळणाऱ्या कंपनीला बी लॅब ही संस्था देते ते) अट घातली आहे. बाकीचे विषय (कामगार, मालकी, पुरवठादार) जमतील असं वाटतं, अडलंय ते हवामानाच्या अटीवर.

२०२३-२४ चे आकडे: वीजबिलांची बेरीज १,८०,००० युनिट (एचटी म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन, छतावर २० किलोवॅट सोलर, नेट मीटरिंग म्हणजे उरलेली सौर वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा). डिझेल ६,००० लिटर, जनरेटर आणि पिकअप मिळून. व्यावसायिक गॅसच्या १९ किलोच्या ४० टाक्या. बॉयलरला १२० टन लाकूड. हापूस घेतला ४०० टन, पल्प निघाला २२० टन. अर्धा डब्यांत गेला, उरलेला फ्रोझन, त्यासाठी उणे १८ चं शीतगृह आहे.

प्रश्न असे. लहान कंपनीला कार्बन मोजणं सक्तीचं आहे का? लाकडाचा बॉयलर म्हणजे आपण स्वच्छच, असं धरायचं का? आवारात ५०० झाडं लावली आहेत, ती वजा होतील का? एक सल्लागार साडेचार लाख मागतोय. हे घरच्या घरी होण्यासारखं आहे का?

हिशेबवही

आधी अट काय आहे ते पाहू. बी लॅबनं एप्रिल २०२५ मध्ये नवी मानकं आणली. पूर्वीसारखे ८० गुण जमवायचे आणि कमी पडले तर दुसऱ्या विषयातून भरून काढायचे, हा प्रकार बंद झाला. आता सात विषय आहेत आणि प्रत्येकात किमान अटी पुऱ्या कराव्या लागतात. प्रमाणपत्राचं चक्र पाच वर्षांचं. काही अटी सुरुवातीलाच लागतात, काही तिसऱ्या आणि पाचव्या वर्षापर्यंत.

हवामानाच्या विषयात सगळ्यांना लागू असलेली गोष्ट म्हणजे तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायला हातभार लावणारा कृती आराखडा. मोठ्या कंपन्यांना त्यात उत्सर्जनाची मोजणी आणि विज्ञानाधारित लक्ष्यंही (त्या मर्यादेशी जुळणारी कपात) द्यावी लागतात. तुमचं युनिट कुठल्या गटात बसतं ते कामगारसंख्या आणि उलाढाल या दोन्हींवरून ठरतं, तेव्हा अर्ज उघडताच पहिल्यांदा ते बघून घ्या.

सक्ती नसली तरी मोजाच. न मोजता केलेला आराखडा म्हणजे ‘एलईडी दिवे लावू, कागद वाचवू’. तपासणारा माणूस असली कलमं रोज बघतो. आणि तुमची मोजणी तशी एका दुपारची आहे:

वीज: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा ग्रिड गुणांक युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १,८०,००० युनिटचे १३०.९ टन (या युनिटच्या आकड्याबद्दल मला शंका आहे, खाली लिहितो).
डिझेल: लिटरमागे २.६८ किलो, १६.१ टन.
गॅस: ७६० किलो गुणिले २.९८, म्हणजे २.३ टन.
लाकूड: जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जैविक मानतात, तो स्कोप १ मध्ये (आपल्या जागेतून थेट होणारं उत्सर्जन) न मिळवता वेगळा दाखवतात. तुमचा तो आकडा २१० टनांच्या घरात जाईल. पण धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच येतात, साधारण ३.६ टन कार्बन डायऑक्साइडएवढे. तेव्हा ‘स्वच्छ’ नव्हे, ‘बऱ्यापैकी कमी’. शिवाय तोड झालेल्या जागी पुन्हा झाड वाढणार असेल तरच जैविक म्हणायला अर्थ आहे. लाकूड कुठून आलं, तोडीचा परवाना आणि वाहतूक पास आहे का, हे विचारलं जाईल. लाकूड टाकणाऱ्याकडून प्रत्येक गाडीमागे ते कागद आणि वजनकाट्याची पावती घेऊन ठेवा.

बिलाबद्दलची शंका अशी. महावितरणचं एचटी बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेली वीज) असतं. उत्सर्जनाला केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेले युनिट) लागतात. दुसरं, नेट मीटरिंगच्या बिलात इम्पोर्टमधून एक्सपोर्ट आधीच वजा झालेला असतो. ग्रिडमधून आत घेतलेली सगळी वीज स्कोप २ मध्ये (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन) धरायची, बाहेर दिलेली त्यातून वजा करायची नाही. आणि काही जण तर या वजा झालेल्या आकड्यातून सोलरचे युनिट पुन्हा एकदा वजा करतात! बिलाच्या मागच्या पानावर इम्पोर्ट आणि एक्सपोर्टचे केडब्ल्यूएच वेगळे छापलेले असतात, बारा महिन्यांचे काढून द्या.

शीतगृहात गॅस कुठला आहे आणि वर्षात किती भरला? तुमच्या यादीत तो नाहीच.

पल्पवाला_लांजा

बिलं काढली. केडब्ल्यूएच इम्पोर्ट १,८९,०००, एक्सपोर्ट ११,०००. म्हणजे आम्ही केव्हीएएचची बेरीज घेऊन बसलो होतो.

शीतगृहात आर-४०४ए आहे. मेकॅनिकच्या बिलांप्रमाणे वर्षात १२ किलो भरला. एवढासा गॅस, म्हणून धरला नाही.

थंडावा

‘एवढासा’ म्हणता, पण आर-४०४एचा तापमानवाढ गुणांक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा, ३,९४३ आहे (आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा पाचवा अहवाल). १२ किलो म्हणजे ४७.३ टन. तुमचं डिझेल आणि टाक्यांतला गॅस मिळून होतं त्याच्या अडीच पट.

भरलेला गॅस म्हणजे गळलेला गॅस. सीलबंद चक्रात गॅस ‘संपत’ नसतो. दर हंगामाआधी दोन-चार किलो मारून मोकळं व्हायचं ही आपल्याकडची रीत आहे, कारण गळती शोधायला प्लांट एक दिवस बंद ठेवावा लागतो आणि एप्रिलमध्ये कुणी तो ठेवत नाही. म्हणून हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात काढा.

क्रम असा. उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं टाकीत काढून घ्या, हवेत सोडू नका. कोरड्या नायट्रोजननं दाब द्या, नामपट्टीवरच्या चाचणी दाबाच्या वर जाऊ नका. ऑक्सिजन कधीही नाही; कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट. साबणाचं पाणी आधी फ्लेअर नटांवर, मग सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्यांवर, मग इव्हॅपोरेटरच्या यू-बेंडांवर लावा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत कंडेन्सरची ॲल्युमिनियमची फिन झडते आणि तांब्याच्या नळीला कॉइलच्या टोकाशी हिरवट डाग येतो. तिथं बुडबुडा हमखास सापडतो. फ्लेअर जोड शक्य तिथं ब्रेझ करून टाका. दाब चोवीस तास टिकला तरच व्हॅक्यूम घ्या, ५०० मायक्रॉनपर्यंत, आणि मग गॅस द्रवरूपात भरा. हे मिश्रण आहे, वाफरूपात भरलं तर प्रमाण बिघडतं.

पुढे गॅस बदलायचा तर आर-४४८ए किंवा आर-४४९ए बसतो, गुणांक साधारण १,३०० ते १,४००. तेल तेच चालतं. पण उकळण्याच्या तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडतो, म्हणून एक्स्पान्शन व्हॉल्व्हची सुपरहीट पुन्हा लावावी लागते. ती न लावता ‘थंडच होत नाही’ म्हणून जुना गॅस परत भरणारे पुष्कळ. नवीन शीतगृह बांधत असाल तर अमोनिया किंवा प्रोपेन, गुणांक जवळपास शून्य. फक्त सुरक्षेची व्यवस्था वेगळी लागते.

पुरावा म्हणून मेकॅनिकचं बिल पुरत नाही. भरण्याआधी आणि नंतर सिलिंडरचं वजन, तारीख, कुठल्या जोडाला गळती सापडली, हे वहीत लिहून त्याची सही घ्या.

वाफ_आणि_राख

सगळे विजेवर आणि गॅसवर बोलताय. ४०० टन आंबा, २२० टन पल्प. उरलेल्या १८० टनांतला थोडा धुण्यात, गळतीत गेला असेल, पण १६० टन तरी साल आणि कोय. ती कुठे जाते?

पल्पवाला_लांजा

मागे जांभ्या दगडाची जुनी चिरेखाण आहे, आमचीच. त्यात टाकतो.

वाफ_आणि_राख

तेच. खड्ड्यात ढीग दाबला जातो, खाली हवा पोचत नाही, आणि मृगाचा पाऊस पडला की जून-जुलैत ते सगळं आंबून मिथेन सुटायला लागतो. लाकडाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड जैविक म्हणून बाजूला ठेवता येतो, मिथेनला ती सवलत नाही.

आयपीसीसीचे ठोकळ गुणांक लावू. पाच मीटरपेक्षा कमी खोल, व्यवस्थापन नसलेला खड्डा आणि अन्नाचा ओला कचरा, तर टनामागे साधारण २० किलो मिथेन. त्याचा गुणांक २८, म्हणजे टनामागे ५६० किलो. तुमच्या १६० टनांचे जवळपास ९० टन. हा वायू एका वर्षात नाही, काही वर्षांत सुटतो, पण दर वर्षी तेवढाच माल टाकत असाल तर त्या त्या वर्षात धरलेला बरा. खाण तुमच्या मालकीची, म्हणून हे स्कोप १. चिरेखाण खोल असेल तर आकडा दुप्पट होतो, दोरीला दगड बांधून खोली मोजून घ्या.

उपाय महाग नाही. साल आणि कोय वेगळी करा. पल्परमधून ती वेगळीच पडते, आपण पुढे एकाच ट्रॉलीत मिसळतो. कोय शेडमध्ये पसरून वाळवली की बॉयलरला चालते. ओली घातली तर धूर आणि शेगडीवर चिकटा. सालींचं कंपोस्ट करा, पण ढीग मीटर-सव्वा मीटरपेक्षा उंच नको, सुकं गवत किंवा भाताचा तूस मिसळा, आणि आठवड्याला परता. साल आंबट असते, शेण आणि थोडा चुना नसेल तर ढीग तापतच नाही. हवेशीर कंपोस्टमध्ये टनामागे पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो धरतात. म्हणजे ९० टनांचे २८ होतील. वरचं छप्पर विसरू नका. पावसात भिजलेलं कंपोस्ट म्हणजे पुन्हा खड्डाच.

बॉयलरचं: डबल जॅकेटच्या कढयांखालून गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) गटारात जातं का बघा. ते बॉयलरच्या फीड टाकीत आणलंत तर दर ६ अंशांमागे जळण १ टक्का वाचतं. ३० चं पाणी ७८ वर गेलं की ८ टक्के. चिमणीचं तापमान लिहून ठेवा. स्वच्छ ट्यूबच्या वेळच्या आकड्यापेक्षा २२ अंश वर गेलं तर १ टक्का जळण वाया, मग ट्यूब घासा. लाकूड पावसाळ्याआधी तोडून दिवाळीपर्यंत शेडखाली मुरवलेलं असावं. हे सगळं केल्यानं हवामानाच्या खात्यात थोडंच उतरेल, पैशाच्या खात्यात बरंच.

दर्यावर्दी

एवढी उठाठेव कशाला? तीनशे टनांचे कार्बन क्रेडिट (दुसऱ्यानं केलेल्या कपातीचे दाखले) घेऊन टाका, ५०० झाडं आहेतच. डब्यावर ‘कार्बन न्यूट्रल’ छापा. खरेदीदार खूश.

हिशेबवही

@दर्यावर्दी, युरोपात माल जाणार असेल तर हा सल्ला अंगाशी येईल. युरोपीय संघाचा २०२४/८२५ हा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो. ऑफसेटच्या (अशा विकत घेतलेल्या क्रेडिटच्या) जोरावर उत्पादन ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचा दावा ग्राहकासमोर करायला त्यात बंदी आहे. मनानं बनवलेले हिरवे शिक्केही चालत नाहीत, मान्य प्रमाणन योजना मागे लागते. तुमचा खरेदीदार आत्ताच प्रमाणपत्राच्या मागे लागला आहे त्याचं एक कारण हे असावं.

विज्ञानाधारित लक्ष्यांतही क्रेडिट कपात म्हणून धरत नाहीत. झाडं चांगलीच आहेत, ती ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली लिहा, उत्सर्जनातून वजा करू नका.

@पल्पवाला_लांजा, आता बेरीज. स्कोप १: डिझेल १६.१, गॅस २.३, लाकूड ३.६, शीतगृह ४७.३, खड्डा ८९.६, एकूण १५८.९ टन. स्कोप २: १,८९,००० गुणिले ०.७२७, म्हणजे १३७.४. दोन्ही मिळून २९६ टन. यातले शीतगृह आणि खड्ड्याचे १३७ टन तुमच्या पहिल्या यादीत नव्हतेच.

गळती १२ किलोवरून २ वर आणली की ३९ टन कमी, खड्ड्याचं कंपोस्ट केलं की ६१ टन कमी. शंभर टन, एक तृतीयांश, विजेला हात न लावता. विज्ञानाधारित लक्ष्यांचा वेग वर्षाला आधारवर्षाच्या (ज्या वर्षाशी तुलना करायची त्याच्या) ४.२ टक्के असतो. तुम्ही पहिल्या दोन वर्षांतच त्याच्या पुढे असाल.

विजेचं: ग्रिडचा आकडा दोन पद्धतींनी दाखवायचा. स्थानाधारित (ग्रिडच्या सरासरी गुणांकानं काढलेला) १३७.४ हा राहतोच. बाजाराधारित (कुठली वीज विकत घेतली त्यावरून काढलेला) आकडा कमी करायचा तर महावितरणचा हरित दर, म्हणजे जादा पैसे देऊन अक्षय वीज, घेता येतो. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या आदेशात तो युनिटमागे ६६ पैसे जादा होता, चालू आदेशातला दर बघून घ्या. ६६ पैशांनी १,८९,००० युनिटचे सव्वा लाख रुपये होतात. माझ्या मते पहिल्या वर्षी हा पैसा गळती आणि कंपोस्टवर घालावा. सोलर वाढवणार असाल तर एक खोच: नेट मीटरिंगचे शिल्लक युनिट ३१ मार्चला मिटवले जातात. तुमचा मोठा भार एप्रिल-मेमध्ये. जानेवारी ते मार्चचं ऊन स्वस्तात विकून तुम्ही एप्रिलमध्ये महाग वीज घ्याल. शीतगृह वर्षभर किती खातं त्यावर किलोवॅट ठरवा, हंगामाच्या बिलावर नको. शिवाय नेट मीटरिंगखालची सौर वीज वितरण कंपनी आपल्या अक्षय ऊर्जेच्या बंधनात मोजून घेते, तेव्हा ‘आम्ही सौर ऊर्जेवर चालतो’ असं मोठ्यानं लिहिण्याआधी करार वाचा.

पल्पवाला_लांजा

खड्ड्यानं डोकं फिरवलं. दोन गोष्टी राहिल्या. शेतकऱ्यांकडून घेतलेल्या आंब्याचं काय? आणि २०२३-२४ हेच आधारवर्ष धरू ना?

हिशेबवही

आधारवर्ष जपून. हापूस एक वर्षाआड धरतो. भरलेल्या वर्षाला आधार धरलात तर पुढच्या रिकाम्या वर्षी काही न करता कपात दिसेल, उलट धरलात तर काम करूनही वाढ दिसेल, आणि तपासणाऱ्याला दोन्ही कळतं. जीएचजी प्रोटोकॉलला (कार्बन मोजणीची सर्वमान्य नियमावली) अनेक वर्षांची सरासरी चालते. किमान दोन, जमल्यास तीन हंगामांची घ्या. जोडीला टन पल्पमागे किलो हा आकडा दर वर्षी द्या. २९६ टन भागिले २२० म्हणजे १,३४५ किलो. आगळाचं उत्पादन यात मिसळलं आहे, त्याची वीज आणि गॅस वेगळे काढता आले तर काढा.

आंबा स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादार, वाहतूक वगैरे बाहेरच्यांच्या उत्सर्जनात. सगळ्या पंधरा वर्गांच्या मागे लागू नका, तीन जाड गोष्टी घ्या: बाग, डबे, वाहतूक. डब्यांसाठी रिकामा डबा वजनकाट्यावर ठेवा. ३.१ किलो पल्पचे ३५,५०० डबे, समजा ३०० ग्रॅमचा एक, तर साडेदहा टन पोलाद. भारतीय पोलादाला टनामागे अडीच टन धरले तर २६-२७ टन, आणि कथिलाचा मुलामा धरून थोडं वर. खरेदीदार २१५ किलोचे ॲसेप्टिक (निर्जंतुक भरलेले) ड्रम घेतो का विचारा. वाहतुकीत न्हावाशेवा बंदरापासूनच्या जहाजाबरोबरच बागेपासून तुमच्या गेटापर्यंतच्या अर्ध्या भरलेल्या टेम्पोंकडेही बघा.

कलमबाग

बागेचं मी सांगतो. खतातला नत्र हा मुख्य मुद्दा. दहा वर्षांवरच्या कलमाला शिफारस दीड किलो नत्राची. त्यातला १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपानं जातो असा आयपीसीसीचा ठोकळ गुणांक आहे, म्हणजे कलमामागे वर्षाला साधारण ६ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. युरिया वापरला तर त्यातल्या कार्बनाचे आणखी दोन-अडीच किलो.

म्हणून बागायतदाराला ‘सेंद्रिय आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. वर्षात किती पिशव्या युरिया, किती कलमं, पालापाचोळा जाळता की आळ्यात घालता, फवारणीच्या पंपाला किती पेट्रोल, हे चार प्रश्न आंब्याच्या पावतीच्या मागेच छापा. मे महिन्यात गेटावर क्रेट उतरताना माणूस घाईत असतो, तेव्हा अर्ज भरून मिळत नाही. जून सरताना अखेरचं पेमेंट देताना विचारा, तेव्हा सगळे सांगतात.

हिशेबवही

@कलमबाग, पावतीची कल्पना फर्स्टक्लास.

@पल्पवाला_लांजा, सल्लागाराबद्दल: मोजणीला साडेचार लाख देऊ नका, ती वर झालीच आहे. पैसे द्यायचेच तर अर्जाची इंग्रजी कागदपत्रं तपासायला द्या. आराखडा दोन पानांचा पुरे, पण प्रत्येक ओळीत काम, जबाबदार माणसाचं पद, तारीख, रक्कम आणि कुठला आकडा कितीवरून कितीवर हे हवं. उदाहरणार्थ: ‘शीतगृह गळती दुरुस्ती, देखभाल प्रमुख, १५ डिसेंबरपर्यंत, ₹९०,०००, वार्षिक भरणा १२ वरून २ किलोवर.’ रक्कम तुमच्या कोटेशनप्रमाणे टाका. शेवटी संचालकांच्या ठरावाचा क्रमांक. तो नसला तर कागद परत येऊ शकतो, आकडे कितीही बरोबर असोत.

पल्पवाला_लांजा

दोरी-दगड टाकून आलो. खाण चार मीटर खोल निघाली.

वाफ_आणि_राख

मग वीस किलोचाच गुणांक. भरलेली खाण उकरू नका, वर माती टाकून बंद करा, आणि या हंगामाची पहिली ट्रॉली तिकडे वळणार नाही एवढं ड्रायव्हरला आत्ताच सांगा.